आठ दिवसांची सहल आणि एकसष्ट रविवार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागड्या कौटुंबिक सहलीला घातलेले पैसे वसूल होतात का, असं आपण गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांना विचारलं होतं. त्याच पानाच्या तळाशी हप्त्यांवर परदेशी सहल देणारी जाहिरात होती: आधी फिरा, पैसे नंतर भरा. मी ३१ वर्षं हिशेब लिहिण्याची नोकरी केली. घरच्या वह्याही मीच लिहीत आले आणि त्या सगळ्या अजून कपाटात आहेत. आपल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वह्या उघडूनच द्यायचं आहे. पत्र लांबलं आहे, तरी जमल्यास पूर्ण छापावं.

चोवीस वर्षांपूर्वी आम्ही चौघं, म्हणजे मी, मुलांचे बाबा, नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा, आठ दिवसांच्या परदेश सहलीला गेलो. देशाचं नाव लिहीत नाही, कारण यात त्या देशाचा काही दोष नाही. जायचं ठरलं ते लेकीच्या निबंधावरून. शाळेत ‘माझी सुट्टी’ हा विषय दिला होता. ती रात्री वही उघडून बसली आणि म्हणाली, “आई, आपण कुठे गेलोच नाही, मग मी काय लिहू?” वर्गातल्या तीन मुली त्या सुट्टीत विमानात बसून आल्या होत्या. आम्ही दोघं त्या रात्री उशिरापर्यंत जागे होतो. आपल्या मुलांना काही कमी पडू नये, एवढंच मनात होतं. त्या इच्छेला मी आजही चूक म्हणणार नाही.

साठवलेले पैसे नव्हते, म्हणून कर्ज घेतलं. घटत्या शिलकेवर दरसाल १८ टक्के व्याज, ३० मासिक हप्ते. हिशेब कळत असूनही मी सही केली, कारण दरमहाचा हप्ता पगारात बसत होता आणि मी तेवढंच पाहिलं. कर्ज फिटल्यावर बेरीज मांडली तेव्हा मुद्दलाच्या वर पाव हिस्सा व्याज गेलेलं निघालं. राहिलो आठ दिवस, पैसे भरले दहा दिवसांचे.

व्याजाचं दुःख मला फार नाही. हप्ता निघावा म्हणून मुलांच्या बाबांनी एकाआड एक रविवारी नकाशे काढण्याचं जादा काम धरलं, त्याचं आहे. सकाळी नऊला बाहेर पडायचे, परत येईपर्यंत दिवेलागण व्हायची. ज्या रविवारचे पैसे हातात पडले त्या तारखेपुढे मी वहीत फुली करत असे. परवा ती वही काढून फुल्या मोजल्या. एकसष्ट भरल्या. मुलगा चार वर्षांचा होता तो साडेसहाचा झाला, त्या मधले हे एकसष्ट रविवार. सायकल चालवायला त्याला शेजारच्या दादानं शिकवलं, तोही रविवारच होता. संध्याकाळी बाबा आले तेव्हा तो सायकल धरून दारातच उभा होता. “बाबा, चालवून दाखवू?” बाहेर अंधार पडला होता. बाबा म्हणाले, उद्या दाखव. दुसऱ्या दिवशी ते कामावरून परतले तोवर पोरगं झोपून गेलं होतं. आठ दिवस एकत्र राहता यावं म्हणून आम्ही एकसष्ट रविवार एकमेकांवाचून काढले. खर्चाचा हा रकाना मी अजून एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही.

बरं, ते आठ दिवस तरी एकत्र गेले का? आठ दिवसांत सहा गावं होती. रोज पहाटे बॅगा आवरून बसजवळ आणून ठेवायच्या. चौथ्या दिवशी लेकीच्या अंगात १०१ ताप होता. त्या दिवशी रोपवेनं बर्फाच्या शिखरावर जायचं होतं, साऱ्या सहलीतलं सगळ्यात महाग तिकीट. ती पांघरुणातून म्हणाली, “मी इथेच झोपते. तू थांब ना माझ्याजवळ.” आणि मी तिला म्हणाले, “अगं, पैसे भरलेत. ते परत नाही मिळत.” औषध दिलं, स्वेटरवर स्वेटर चढवले आणि तिला नेलं. वर इतकं दाट धुकं होतं की समोरचा कठडा दिसत नव्हता. तिचे कान ठणकायला लागले. दीड तास ती तिथल्या बाकावर माझ्या शालीत गुरफटून बसली होती, डोळे मिटून. धाकटा थंडीनं रडत होता. खाली उतरताना मी मनाशी म्हटलं, चला, तिकीट वाया गेलं नाही. चोवीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की नेमक्या याच चुकीचा अभ्यास झालेला आहे आणि तोही सहलीचं उदाहरण घेऊन. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये लोकांपुढे एक प्रसंग ठेवला. तुम्ही बर्फावरच्या स्कीइंगच्या दोन सहलींची तिकिटं काढली आहेत. एक महाग, दुसरं त्याच्या निम्म्या किमतीचं. स्वस्त सहलीत जास्त मजा येईल, असं तुम्हाला वाटतं. मग लक्षात येतं की दोन्ही सहली एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे कुठलेच परत मिळणार नाहीत. कुठल्या सहलीला जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी महागडी निवडली. खरं पाहता दोन्ही तिकिटांचे पैसे गेलेलेच होते, उरला होता तो फक्त शनिवार-रविवार, आणि तो त्यांनी कमी मजेच्या ठिकाणी घालवायचं ठरवलं. महागड्या सहलीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. तिकीट जितकं महाग, तितकं थांबणं अवघड. मूल थकलंय, आजारी आहे, आज नको म्हणतंय, हे डोळ्यांना दिसत असतं आणि तरी पाय त्याला घेऊन बसकडेच चालतात.

परतीच्या विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं. हे चिडले, मीही चिडले. लोकांच्या रांगेसमोर बॅग उघडून आम्ही कपडे अंगावर चढवत होतो आणि दोन्ही मुलं भिंतीला टेकून गप्प उभी होती. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग वाचला तेव्हा मला ती भिंत आठवली. त्यांनी लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर हात बुडवून ठेवायला लावलं. दुसऱ्या वेळी तेच मिनिट आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या ३० सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशानं वाढवत नेलं. यातलं पुन्हा कुठलं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. अनुभव किती वेळ चालला हे आठवणीच्या लेखी फारसं उरत नाही, टोकाचा क्षण आणि शेवट उरतो. आमच्या सहलीचं टोक म्हणजे रोपवे आणि शेवट म्हणजे ती भिंत.

फोटो मात्र भरपूर आहेत. छत्तीसचा एक असे ११ रोल. आठही दिवस मुलांचे बाबा कॅमेऱ्यामागे होते, त्यामुळे ते स्वतः जेमतेम चार फोटोंत सापडतात. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संग्रहालयात फिरवलं होतं. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. आमच्या मुलाला तर त्या सहलीतलं काहीच आठवत नाही. आल्बम बघताना “हा मी का?” असं विचारतो. त्याचा दोष नाही, चार वर्षांच्या वयातलं मोठेपणी फार थोडं उरतं. लहान मुलाला नेऊच नये असं मी म्हणत नाही. त्या क्षणी ते हसलं, खेळलं, तर तेवढं पुरे आहे, त्यासाठी आठवणीची पावती कशाला हवी? मात्र ‘मुलांसाठी जन्मभराची आठवण’ असं म्हणून तीस महिन्यांचं कर्ज काढणाऱ्यांनी मुलाचं वय जरूर पाहावं.

हल्ली सगळीकडे ऐकू येतं की वस्तू घेऊ नका, अनुभव घ्या. त्यामागेही संशोधन आहे. लीफ व्हॅन बोवेन आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये मांडलं की वस्तूंवर केलेल्या खर्चापेक्षा अनुभवांवर केलेला खर्च माणसाला जास्त सुख देतो. ते मला पटतंही. पण महाग अनुभव स्वस्त अनुभवापेक्षा जास्त सुख देतो, असं त्यांनी म्हटलेलं नाही. शिवाय जेकब ली, डेबोरा हॉल आणि वेंडी वूड यांनी २०१८ मध्ये दाखवलं की हे सुख कुणाला मिळतं ते ऐपतीवरही अवलंबून असतं. हातात पैसा कमी असलेल्या घरांत उपयोगाची वस्तूही तितकंच किंवा जास्त सुख देते. हे कळायला मला शोधनिबंध लागला नाही. आमच्या हप्त्यांच्या तेराव्या महिन्यात वॉशिंग मशीन कायमचं बंद पडलं. उरलेले सतरा हप्ते संपेपर्यंत नवं घेता आलं नाही. सतरा महिने मी नोकरीवरून येऊन चौघांचे आणि सासूबाईंचे कपडे हातानं धुतले. त्या काळात मला कुणी विचारलं असतं, बर्फाचं शिखर हवं की मशीन, तर मी उत्तर द्यायला क्षणभरही थांबले नसते.

योगायोग असा की ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९८ च्या अभ्यासात याच दोन गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या. आठवडाभराच्या सहलीचे सहा मासिक हप्ते तुम्ही जाण्याआधी भराल की परत आल्यावर? बहुतेकांनी सांगितलं, आधी. आणि कपडे धुण्या-वाळवण्याच्या यंत्राचे? बहुतेकांनी सांगितलं, घेतल्यानंतर. यात मोठं शहाणपण आहे. यंत्र रोज काम करत असतं, त्यामुळे हप्ता देताना त्याचा मोबदला समोर दिसतो. सहल संपलेली असते. संपलेल्या गोष्टीचे पैसे भरताना तिच्यातला गोडवा दर महिन्याला थोडाथोडा उतरत जातो. एखाद्या रविवारी एकट्या मुलाला खेळताना बघून मला त्या बर्फाचा राग येई. ‘आधी फिरा, पैसे नंतर भरा’ हे माणसाच्या मनाला नेमकं उलट आहे.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे या बाई महागड्या सहलीच्या विरोधात आहेत. तसं मुळीच नाही. आम्ही आणखी एक सहल केली. पहिलीच्या जवळपास तेवढाच खर्च आला, आणि तिचा पैसा न् पैसा मी पुन्हा आनंदानं मोजेन.

सासूबाईंनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. गुडघे पार गेलेले, चार पायऱ्या चढायला दोघांचा आधार लागे. कर्ज फिटलं त्याच महिन्यापासून आम्ही हप्त्याएवढी नाही, पण जमेल तेवढी रक्कम बाजूला टाकायला लागलो. रविवारचं काम बंद झालं होतं. मुलानं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला ३६ चौकोन आखले आणि दर पगाराच्या दिवशी तो एक चौकोन रंगवू लागला. सासूबाई विचारायच्या, “किती राहिले रे बाळा?” तो मोजून सांगायचा. रात्री जेवताना चर्चा चालायची की समुद्राचं पाणी हातात घेतलं तर निळं दिसतं का, लाटेचा आवाज किती लांबून येतो. तीन वर्षं ते घर समुद्राकडे तोंड करून बसलं होतं. जेरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या १,५३० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातले ९७४ सुट्टीवर जाऊन आले होते. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याच्या आधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते, आल्यानंतर मात्र बहुतेकांत आणि घरी राहिलेल्यांत फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचाच आनंद परतल्यावर थोडे दिवस टिकला. पहिल्या सहलीच्या वेळी ठरवणं, सही आणि निघणं हे सगळं सहा आठवड्यांत उरकलं होतं. वाट बघायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

आम्ही सहा दिवस एकाच ठिकाणी राहिलो. राहण्याची जागा महाग होती ती कारणानं. खोली तळमजल्यावर, कुठे उंबरठा नाही, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, दारापासून वाळूत पार खालपर्यंत फळ्यांची वाट, आणि सासूबाईंना उठवायला-बसवायला एक मदतनीस बाई. पहिल्या संध्याकाळी त्यांची खुर्ची पाण्याच्या कडेला नेली. लाट पावलांवरून गेली तशी त्यांनी पाय वर घेतले, मग पुन्हा खाली ठेवले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी मला विचारलं, “गं, हे रात्रीसुद्धा असंच हलत असतं का?” मी म्हटलं, हो. त्यांना ते खरं वाटेना. म्हणून रात्री साडेदहाला सगळे पुन्हा पाण्याशी गेलो, त्यांच्या अंगावर दोन पांघरुणं घालून. अंधारात फक्त पांढरी कड पुढेमागे होत होती. त्या म्हणाल्या, “कुणी बघत नसलं तरी?” माझा मुलगा खुर्चीच्या हातावर बसून म्हणाला, “हो आजी, कुणी नसलं तरी.”

तिसऱ्या दिवशी लेकीचं डोकं दुखत होतं. ती तेव्हा पंधराव्या वर्षात होती. म्हणाली, मी खोलीतच पडून वाचते. आम्ही म्हटलं, वाच. ‘पैसे भरलेत’ हे शब्द त्या सहा दिवसांत घरातल्या एकानंही काढले नाहीत.

आणि माझ्यासाठी म्हणाल तर त्या सहा दिवसांत मी एकदाही चुलीपुढे उभी राहिले नाही, एक कपडा धुतला नाही. कौटुंबिक सहलीत हा प्रश्न कुणी विचारतच नाही की विश्रांती नक्की कुणाला मिळाली. पहिल्या सहलीत बॅगा भरणं, औषधं, मुलांचे बूट, ओले मोजे, सगळं माझ्याकडे होतं, फक्त देश बदलला होता. ॲशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चार देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दाखवलं की नको असलेली कामं पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेणारी माणसं जास्त समाधानी असतात. माझा अनुभव तोच. सासूबाई आणि मी एका घरात सोळा वर्षं होतो, पण दोघींच्या मध्ये निवडायचं, चिरायचं, घडी घालायचं काही ना काही असायचंच. तिथे पहिल्यांदा दोघी नुसत्या बसलो. त्या बोलत राहिल्या. त्यांना शाळेतून कधी आणि का काढलं, एक भाऊ लहानपणी कसा गेला, सासऱ्यांनी पहिल्या पगारातून त्यांना काय आणलं. मुलं वाळूत बसून ऐकत होती. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल काय माहीत आहे हे पाहण्यासाठी २० प्रश्न तयार केले. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वास जास्त आढळला. गोष्टींमुळेच तसं घडलं असं यावरून सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण आजीचा तो भाऊ माझ्या मुलांना ठाऊक आहे, आणि तो समुद्रावर कळला, घरी सोळा वर्षांत कळला नव्हता.

शेवटचा दिवस आम्ही रिकामा ठेवला होता. निघताना सासूबाई खिडकीशी बसल्या आणि वळणावर पाणी दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडे माझी एक मागणी आहे. पुरवणीत सहलींची वर्णनं छापताना ती सहल किती महिन्यांत फेडली जाईल आणि व्याजासह एकूण किती पडेल, हेही लेखकांना लिहायला सांगा. आणि ज्यांनी हप्ते फेडलेत त्यांनाही कधी लिहायला बोलवा. निघतानाचे फोटो सगळे छापतात, बाविसाव्या महिन्यातलं घर कुणी छापत नाही.

हे पत्र आत्ताच लिहायला कारण घडलं ते माझ्या लेकीमुळे. तिची मुलगी आता पाच वर्षांची आहे. लेक आणि जावई बारा दिवसांच्या सहलीला जायचं म्हणतायत, २४ हप्त्यांवर. जावई शनिवारी जादा काम धरणार आहेत. मी तिला फोनवर वहीतल्या फुल्यांचं सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, तुझं पटतंय गं. पण अनामत भरलीय. ती परत नाही मिळत.”

मला काही बोलता येईना. मग विचारलं, “तुला तो रोपवेचा दिवस आठवतो का?”

“कान दुखत होते, तेवढं आठवतं,” ती म्हणाली. थोडा वेळ दोघी गप्प होतो. मग तिनं “बघते” म्हणून फोन ठेवला. उरलेली रक्कम भरायची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)